बॅग पोचली, आजोबा नाहीत

१

आजोबांची बॅग पोचली होती. आजोबा पोचले नव्हते.

मुक्कामाच्या घरात, जिन्याखाली, हिरवा टॅग लावलेली ती फुगीर तपकिरी बॅग ऐटीत बसली होती. जणू तीच सगळा किनारा तुडवत आली होती आणि आता तिला कुणीतरी चहा विचारायला हवा होता.

सुट्टीच तशी होती. समुद्राच्या कडेकडेने जाणारी पायवाट, रोज एक टप्पा, रोज नवं घर. बरोबर वाटाड्या नाही की "चला, चला" म्हणत मेंढरं हाकणारा टूरवाला नाही. सकाळी बॅगा जिन्याखाली ठेवायच्या. बॅगवाले काका त्या गाडीत घालून पुढच्या मुक्कामी टाकणार. आणि माणसांनी आपापल्या पायांनी, आपापल्या वेगाने, समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत सुटायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे वाट. "इथे हरवायचं म्हणजे खास अक्कल लागते," असं आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आता तीच आत्या जिन्याखाली उभी राहून आजोबांना फोन लावत होती. "लाग रे बाबा, लाग."

लागला. आणि तपकिरी बॅग किणकिणायला लागली.

आत्याने फोन कानावरून खाली घेतला. बॅग तरीही वाजतच राहिली.

"आजोबांनी मोबाईल बॅगेत टाकला," टिटवी म्हणाली. बोलायची गरज नव्हती, पण टिटवीला गरज कधीच लागत नसे. म्हणून तर आजोबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. शाळेत मुली हसल्या तेव्हा ती रडत घरी आली होती, तर आजोबा म्हणाले होते, "अगं, टिटवी देखील समुद्र आटविते, अशी म्हणच आहे. सांग त्यांना." तेव्हापासून ती नाव ताठ मानेने मिरवत होती.

 पण आत्ता हिशोब जुळत नव्हता. आजोबा सकाळी उजाडता उजाडता सगळ्यांच्या आधी निघाले होते. "मी हळू चालतो, पक्षी बघत बघत जातो, तुम्ही गाठाल मला," असं आत्याला दाराआडून सांगून. आत्या आणि टिटवी सगळ्यांत शेवटी निघाल्या होत्या. वाट एकच. मग सगळ्यांत आधी निघालेला माणूस सगळ्यांत शेवटी पोचणाऱ्यांच्याही मागे कसा?

"घाबरू नका हो," जेवणाच्या टेबलापाशी पाय पसरून बसलेले पीटी सर म्हणाले. तेही रोज हीच वाट चालत होते. "मी पाहिलंय त्यांना."

दोघी गर्रकन वळल्या.

"दीपगृहाच्या बाकावर बसले होते. समुद्राकडे तोंड करून. लाल टोपी! मैलभरावरून ओळखू येते की. मी हात केला आणि पुढे आलो."

घरमालकीण काकूंनी छातीवर हात ठेवला. "दीपगृहापाशी होते? मग खाडी पार झाली त्यांची. सुटलो बाई, निम्मी काळजी मिटली."

"आणि उरलेली निम्मी?" टिटवीने विचारलं.

 काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. दीपगृहापासून या घरापर्यंतची वाट कड्याच्या अगदी काठावरून येत होती. टिटवी आणि आत्या नुकत्याच तिथून आल्या होत्या. कठडा नाही. खाली खडक. आणि दिवसभर धुकं.

 काकूंनी मुकाट्याने किनाऱ्यावरच्या बचाव पथकाला फोन लावला.

२

पथकाची बोट दीपगृहाच्या कड्याखाली शोधायला निघाली. पथकाची माणसं काठाने चालत आवाज देत येणार होती. "तुम्ही घरीच थांबा, अजून दोन माणसं हरवायला नकोत," असं त्यांनी आत्याला बजावलं होतं. आत्या दातांची डॉक्टर. समोरच्याला आ करायला लावून गप्प बसवायची सवय असलेली बाई. ती आता खिडकीपाशी उभी राहून स्वतःचीच नखं खात होती.

नुसतं बसून राहणं टिटवीच्या रक्तात नव्हतं. ती उठली आणि चौकशीला लागली.

सुरुवातच अवघड होती, कारण त्याच दिवशी सकाळी तिने एक चौकशी करून ठेवली होती आणि ती चांगलीच अंगाशी आली होती. तिचा लिंबू रंगाचा, नवाकोरा, दोन हात लांब स्कार्फ मागच्या मुक्कामाच्या दाराजवळच्या खुंटीवरून गायब झाला होता. आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर मुक्कामाला असलेल्या कॅमेरावाल्या ताईंनी त्याचं फार कौतुक केलं होतं. टिटवीने दोन अधिक दोन केले आणि भर नाश्त्याला सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "ताई, तुमच्या बॅगेत बघू का जरा?"

ताईंनी पाव खाली ठेवला होता. त्यानंतर त्या टिटवीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आता त्या खिडकीखालच्या खुर्चीत कॅमेऱ्याची काच पुसत बसल्या होत्या.

"ताई," टिटवी म्हणाली. "एक विचारू?"

"बॅग वर आहे. कुलूप नाही. बघून घे."

"ताई, तसं नाही हो. आजोबा. तुम्ही आमच्या आधी निघालात. तुम्हाला दिसले?"

ताईंचा आवाज जरा खाली आला. "नाही गं. खरंच नाही. मी खाडीवरच्या पुलावरून आले. दीपगृहापाशी पोचले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. आधी पीटी सरांना दिसले असतील, मग उठून गेले असतील."

"तुम्ही इतक्या ठिकाणी थांबता, इतकं बघता..."

"बघायला काही दिसायला हवं ना! दिवसभर दुधात चालल्यासारखं. सबंध दिवसात एकच फोटो धड आलाय. पुलावर होते तेव्हा धुकं क्षणभर फाटलं आणि खाडीतला बगळा दिसला."

"पक्षी?"

"नाही गं. बगळा म्हणतात त्या खोलीला. खाडीच्या मधोमध उंच खांबांवर उभी केलेली, पत्र्याच्या छपराची लाकडी खोली. पाणी उतरलेलं असताना लोक वाळूवरून सरळ पलीकडे जातात ना, त्यांना मधेच भरतीने गाठलं तर चढून बसायला. काय सुंदर दिसत होता! खाली सगळं पाणी, वर पिवळं निशाण..."

"ताई, मला आजोबा हवेत. निशाण नको."

"मग मला का विचारतेस?" ताई म्हणाल्या आणि परत काच पुसायला लागल्या.

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती दाराकडे गेली. तिथे काकू बूट झाडत बसल्या होत्या. काळजी लागली की काकूंचे हात कामाला लागत.

"बघ हे. तुझे, आत्याचे, त्या फोटोवालीचे. पुलाच्या दोन्ही टोकांचा तो काळा चिखल! घोट्यापर्यंत. सुकला की सिमेंट होतो मेला. एवढ्या वर्षांत सगळा चिखल माझ्याच दारात." त्यांनी एक जोडी उचलून बाजूला ठेवली. "एक पीटी सर तेवढे शहाणे. बघ, आरशासारखे बूट."

"शिस्त!" आतून आवाज आला. "मी बूट पुसल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल ठेवत नाही."

"आणि तुम्ही पुलावरूनच आलात ना, सर?" टिटवीने तिथूनच विचारलं.

"अर्थात! वाळूवरून जाणं म्हणजे शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे चीटिंग. माझ्या शाळेच्या पोरांना मी सांगून आलोय, पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत, एक पाऊलही कमी नाही."

टिटवीने ते बूट उलटे केले. तळाच्या खाचासुद्धा स्वच्छ होत्या. तिला स्वतःचे दात असे घासता आले असते तर आत्या खूश झाली असती.

बाहेर बॅगवाले काका गाडीचं मागचं दार लावत होते. रोज ते तिला बघून ओरडायचे, "काय गं, बॅगेत दगड गोळा करतेस का?" आज त्यांनी मान वर केली नाही.

"काका, तुम्हाला रस्त्यात आजोबा दिसले का?"

"गाडीचा रस्ता आतून जातो. समुद्र दिसतच नाही."

"बरं. म्हणजे तुम्ही..."

"मी एकटाच असतो गाडीत," काका एकदम म्हणाले. "बॅगा आणि मी. माणूस बसवायची परवानगी नाही. बसवला आणि कळलं, तर कंपनी चावी काढून घेईल. दोन लेकरं शिकतायत माझी."

"हो काका," टिटवी म्हणाली.

ती आत आली आणि जिन्याखाली थबकली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

गाडीत माणूस बसवता का, असं तिने विचारलंच नव्हतं.

३

"टिटवे!" आत्याने हाक मारली. फोन तिच्या कानाला होता. "पथकवाले विचारतायत, बाबा कुठल्या गोळ्या घेतात. मला साखरेच्या गोळीचं नाव आठवत नाहीये. माझ्याच बापाच्या गोळीचं नाव! डबी बॅगेत असेल, आण."

टिटवी बॅगेवर तुटून पडली. चेन ओढली. वर मोबाईल. त्याखाली मोजे. कडेला गोळ्यांची डबी, तिच्यातला सकाळचा कप्पा रिकामा. म्हणजे आजोबांनी सकाळची गोळी घेतली होती.

"घेतलीय त्यांनी," ती डबी देत म्हणाली. "बरं झालं ना?"

आत्याने मान हलवली. "गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही नाही, तर साखर उतरत जाते गं. हात थरथरतात, घाम सुटतो. मग माणूस बसल्या जागी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. गोळीचं नाव फोनवर वाचून दाखवताना तिचा आवाज अगदी सपाट होता, आणि त्याचीच टिटवीला जास्त भीती वाटली.

चेन लावायला ती परत बॅगेशी गेली. बाहेरचा कप्पा ओलसर लागला. तिने हात घातला. आत प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत काहीतरी थंड, गच्च पिळलेलं.

तिने ते बाहेर काढलं.

लाल टोपी.

टिटवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसली. आजोबांना एकच टोपी होती. दुसरी आणू म्हटलं की ते म्हणायचे, "डोकं किती आहेत मला?" टोपीला साबणाचा वास येत होता, आणि धुऊनही शेंड्यावर एक पांढुरका डाग राहिला होता. समुद्रपक्ष्यांनी गेले काही दिवस सगळ्यांच्याच डोक्यांवर आशीर्वाद टाकले होते. आजोबांचा नंबर लागला असणार. त्यांनी सकाळी टोपी धुतली, पिळली, पिशवीत घातली आणि बॅगेत टाकली. बॅग गाडीत गेली आणि गाडी इथे आली.

दिवसभर ही टोपी या बॅगेत होती.

मग दीपगृहाच्या बाकावर कोण बसलं होतं?

४

"आत्या," टिटवी हळूच म्हणाली, "सर खोटं बोलतायत."

"टिटवे!" आत्या जवळजवळ किंचाळली. "सकाळी स्कार्फवरून तमाशा केलास तेवढा पुरे झाला. त्या माणसाने बाबांना पाहिलंय. शेवटचं पाहिलंय. तेवढाच एक आधार आहे मला."

"तोच आधार चुकीचा आहे."

ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. सर नकाशा पसरून बसले होते. एक पाय बाकावर लांब केलेला. कॅमेरावाल्या ताई बघत होत्या. काकू हातात बूट घेऊन दारात आल्या. काकूंमागे बॅगवाले काका येऊन उभे राहिले.  सकाळी ती अशीच उभी राहिली होती आणि साफ चुकली होती.

"सर, आजोबांच्या डोक्यावर काय होतं?"

"सांगितलं ना बाळ. लाल टोपी."

"नक्की?"

"अरे, म्हणजे काय! रोज बघतोय की मी ती टोपी."

"रोज बघता. आज नाही बघितली." तिने मागे धरलेला हात पुढे केला आणि टोपी नकाशावर ठेवली. नकाशावर ओल पसरली. "ही सकाळपासून बॅगेत होती."

सरांनी टोपी बोटाने बाजूला सरकवली.

"मग... दुसरी टोपी असेल," सर म्हणाले.

"त्यांना दुसरी टोपी नाही. आणि सर, तुमच्या बुटांना चिखल नाही. पुसून घालवला म्हणता, पण आमच्या बुटांच्या खाचांतला चिखल काकू सुरीने काढतायत. तुम्ही पुलावरून आलातच नाहीत. आणि काकांना मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, गाडीत कुणी नव्हतं." टिटवीने श्वास घेतला. आता थांबली असती तर रडलीच असती. "तुम्ही गाडीतून आलात, सर. म्हणून सगळ्यांत आधी पोचलात. आणि आम्ही विचारलं, आजोबा दिसले का? आता आजोबा तुमच्या आधी निघालेले, तुम्ही त्यांच्या आधी पोचलेले, वाट एकच. म्हणजे कुठेतरी तुम्ही त्यांना ओलांडलेलं असायलाच हवं! दिसले नाहीत म्हणालात, तर लगेच सगळे विचारणार, कसे दिसले नाहीत? म्हणून तुम्ही त्यांना बाकावर बसवलंत."

"ए मुली, तोंड सांभाळ," सर उठायला गेले. गुडघा वाकला नाही. त्यांनी टेबलाची कड धरली.

"सर, आता पुरे," दारातून आवाज आला. बॅगवाले काका होते. "चावी गेली तर गेली. माझा बापही याच वयाचा आहे." ते आत्याकडे वळले. "ताई, सर सकाळी पहिल्याच चढावर, रस्त्याकडेला बसले होते. गुडघा भोपळ्यासारखा. मला रडवेलं तोंड बघवेना. बॅगांमधे बसवून आणलं."

सर खाली बसले. एरवी सगळ्या जेवणाच्या खोलीला कवायत शिकवणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पोरं निरोप समारंभाला टाळ्या वाजवत होती हो. एक पाऊलही गाडीत नाही, असं माइकवर सांगून आलोय. मला वाटलं, पुढेच असतील ते. येतीलच. मी खोटं... मी अंदाज सांगितला."

"अंदाज!" आत्या म्हणाली. "तुमच्या अंदाजावर बोट गेलीय तिकडे!"

मग सगळ्यांना एकदमच कळलं. दीपगृहापाशी कुणी आजोबांना पाहिलं नव्हतं. म्हणजे त्यांनी खाडी पार केली, हेही कुणी पाहिलं नव्हतं. काकूंच्या हातातला बूट खाली पडला.

"सकाळी उजाडताना पाणी उतरलेलं होतं," त्या म्हणाल्या. "हळू चालणारा माणूस पुलाचा वळसा कशाला घेईल? वाळूवरूनच गेले असणार. आणि दुपारी भरती होती."

आत्या बूट घालायला दाराकडे वळली.

टिटवी मात्र टोपीकडे बघत होती. टोपी ओली. वारा कानात शिरणारा. आजोबांना कान झाकल्याशिवाय बाहेर पडवत नाही. अंधुक उजेडात माणूस दाराशी येतो, खुंटीवर हात घालतो, हाताला लागेल ते...

"स्कार्फ!" ती ओरडली. "माझा स्कार्फ आजोबांनी नेला!"

"टिटवे, आत्ता स्कार्फ..."

"ताई, तुमचा फोटो! बगळ्यावर निशाण होतं म्हणालात ना? पिवळं?"

"हो, पण..."

"निशाण?" काकू म्हणाल्या. "बगळ्यावर? अगं, कधीच नव्हतं. लावलं तरी वारा दोन दिवसांत चिंध्या करतो."

ताईंनी कॅमेरा चालू केला. सगळी डोकी त्या छोट्या पडद्यावर टेकली. ताईंनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. खांब. लाकडी कठडा. आणि कठड्याला दोन गाठींनी बांधलेला, वाऱ्याने ताणलेला, लिंबू रंगाचा लांब तुकडा.

आत्याने तोंडावर हात ठेवला.

"पण हा दुपारचा फोटो आहे," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यानंतर ओहोटी लागली असेल. पाणी उतरल्यावर ते चालत का आले नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर कुणालाच नको होतं.

५

बोट डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होती. तिला वळसा घालून खाडीत यायला वेळ लागला असता, आणि काकूंनी घड्याळाकडे बघून सांगितलं की पाणी फिरलंय, दिवे लागेपर्यंत वाळू परत बुडेल. त्या पथकाला फोन लावत राहिल्या आणि ताई त्यांच्या सोबतीला थांबल्या. बाकी सगळे गाडीत घुसले. जिच्यात माणूस बसवायची परवानगी नव्हती, तिच्यात बॅगांच्या जागी आत्या, बॅगांच्या जागी टिटवी, आणि मागच्या फळीवर, कुणी बोलावलं नसताना, पीटी सर.

खाडीवर धुकं अजून बसून होतं. उजेड राखेसारखा. वाळूतून बगळ्याकडे जाणारी वाट दाखवायला बांबू रोवले होते, पण चार-सहा बांबूंच्या पुढे काहीच दिसत नव्हतं. आणि पहिल्या बांबूच्या बुडाशी पाणी चमकायला लागलं होतं.

"बाबा!" आत्या ओरडली. आवाज धुक्यात कापसासारखा विरला.

"आजोबाऽऽ!" टिटवीने जीव तोडून हाक मारली.

काही नाही.

तेवढ्यात तिच्या कानाशी अशी सणसणीत शिट्टी वाजली की ती दचकून उडालीच. पीटी सरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली होती. गाल फुगले होते. त्यांनी परत वाजवली. मग सगळे श्वास रोखून थांबले.

टण्. टण् टण्.

पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज. दूर, पण समोरून. परत, टण् टण्.

"ते आहेत!" आत्या बूट काढायलाही थांबली नाही. बॅगवाले काका तिच्या पुढे झाले. टिटवीही पाण्यात पाय घालणार, तोच काकांनी मागे वळून बोट रोखलं. "तू इथेच. आणि सर, वाजवत राहा. येताना बांबू दिसले नाहीत, तर तुमच्या शिट्टीवर यायचंय आम्हाला. थांबू नका."

दोघं धुक्यात गेले. आधी पाय दिसेनासे झाले, मग सगळेच.

पुढचा वेळ टिटवीला कधीच नीट सांगता आला नाही. पाणी तिच्या बुटांच्या टोकांपर्यंत आलं, ती मागे सरकली. परत आलं, परत सरकली. सर वाजवत होते. दोन लांब, थोडं थांबून, दोन लांब. त्यांचा श्वास लागला. गुडघा थरथरत होता. तरी ते बसले नाहीत.

"सर, थांबू नका हं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात शिट्टी असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. टिटवीने हातातली लाल टोपी त्यांच्यापुढे धरली. सरांनी टोपीने डोळे टिपले आणि वाजवत राहिले.

मग धुक्यात एक विचित्र, उंच, दोन डोक्यांचा प्राणी दिसला. गुडघाभर पाणी कापत येणारा. खालचं डोकं बॅगवाल्या काकांचं होतं. वरचं, लिंबू रंगाच्या स्कार्फात गुंडाळलेलं, आजोबांचं.

"अहो, टॅग लावा मला," ते काकांच्या पाठीवरून म्हणत होते. आवाज अगदी बारीक होता, पण आजोबांचाच होता. "उगाच दुसऱ्याच्या मुक्कामी टाकाल."

काकांनी त्यांना गाडीच्या फळीवर ठेवलं. घोटा सुजून निळा पडला होता. शिडी चढतानाच मुरगळला होता, म्हणून पाणी उतरल्यावरही खाली येता आलं नव्हतं. खिशातली लिमलेटची गोळी त्यांनी चार तुकडे करून दिवसभर पुरवली होती. आत्या त्यांच्या तोंडात बिस्किटं कोंबत होती, पाणी पाजत होती आणि एकीकडे रागावत होती. "मोबाईल बॅगेत? बॅगेत, बाबा? बॅग कुणाला फोन करणार होती?"

"जड होतो गं तो," आजोबा म्हणाले. मग त्यांनी टिटवीकडे पाहिलं. "तुझा स्कार्फ मी घेतला होता हं. सांगणार होतो संध्याकाळी. कुणावर आळ नाही ना घेतलास?"

टिटवीने मान खाली घातली.

"घेतलास! परत गेल्यावर माफी मागायची, आधी."

"हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

पीटी सर गाडीपासून लांब उभे होते. आत्याने काय घडलं ते आजोबांना थोडक्यात सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. आजोबा ऐकत राहिले, बिस्किट चावत.

"मी चालत येतो मागून," सर म्हणाले. "तेवढंच मला शोभेल."

"त्या गुडघ्यावर?" आजोबा म्हणाले. "म्हणजे मग रात्रभर तुम्हाला शोधायचं? बसा मुकाट्याने. आजचा टप्पा माझाही राहिलाय, तुमचाही राहिलाय. पाय बरे झाले की दोघं इथूनच सुरू करू. आणि शाळेच्या पोरांना खरं ते तुम्हीच सांगायचं, माइकवर."

 फळीवर चढायला सरांनी हात पुढे केला, आणि तो धरायला बॅगवाले काका पुढे आले.

गाडी हलली. मागे वाळू पुरती बुडाली होती. बांबूंची फक्त टोकं वर उरली होती. आजोबांनी स्कार्फ सोडून टिटवीच्या गळ्यात घातला. तो ओला, खारट आणि बर्फासारखा थंड होता.

"कशी गं शोधलीस मला?" त्यांनी विचारलं. "सांग सगळं. पहिल्यापासून."

टिटवीने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडातून शब्द फुटेना. तिने नुसताच, निघताना बॅगेतून उचललेला त्यांचा मोबाईल त्यांच्या शर्टाच्या खिशात घातला, आत्याकडून सेफ्टी पिन मागून घेतली, खिसा शिवल्यासारखा गच्च बंद केला, आणि मुक्काम येईपर्यंत त्या खिशावरचा हात काढला नाही.